बदकबाईच्या बुटाचं बक्कल

९ जानेवारी

बारक्या,

आशीर्वाद शेवटी लिहीन म्हटलं की राहून जातात, म्हणून आधीच घेऊन ठेव.

तुझा कार्टूनचा सिनेमा काल पाहिला. शेजारच्या दोघी पोरी सोबत होत्या. खरं म्हणजे त्याच मला घेऊन गेल्या. थिएटरला बावीस पायऱ्या आहेत आणि माझ्या नव्या खुब्याला पायऱ्यांचं वावडं आहे. ऑपरेशन झाल्यापासून डावा पाय इंचभर आखूड पडतो. डाव्या बुटाला जाड तळ ठोकून घेतलाय, बाहेरच्या बाजूला पितळी बक्कल. बूट शिवणारा म्हणाला, आजी, आता पळा. मी म्हटलं, तू आधी उभं तर राहू दे.

पोरी गोष्ट बघत होत्या. मी तुझ्या भिंती, तुझी दुकानं, तुझे रस्ते बघत होते. आणि सापडली! पाववाल्याच्या काचेत, कोपऱ्याला टेकवून ठेवलेली लाल छत्री. माझीच ना? दांड्याला चिकटपट्टीसुद्धा होती. थोरली म्हणते ती पट्टी नव्हे, सावली आहे. तिला काय कळतंय. मी भर थिएटरात ओरडले, "ती बघा माझी छत्री!" पुढच्या रांगेतला एक जण वळून म्हणाला, "मग घेऊन या ना जाऊन, आजी."

आधी चष्मा, मग भिंतीवरचं घड्याळ, आता छत्री. तुझ्या प्रत्येक सिनेमात मी असते, हे मी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय. दूधवाल्याला तर दोनदा. पुढच्या सिनेमात कुठे ठेवणार आहेस मला? आधी सांगू नकोस. नको, सांगच. या वयात वाट बघायला वेळ कुणाला आहे?

शाळेला येत्या डिसेंबरात पन्नास वर्षं होतात. त्यातली चौतीस चित्रकलेच्या वर्गात माझीच होती, तेव्हा बोलावतील बहुतेक.

तुझी मावशी


२० जानेवारी

मावशी,

छत्री तुझीच. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही.

प्रवासाला निघताना तू माझ्या चड्डीला आतून खिसा शिवायचीस, आठवतं? चोरखिसा. स्टुडिओत आम्ही या लपवाछपवीला तेच म्हणतो. शब्द मी आणला, आता सगळेच वापरतात. प्रत्येक सिनेमात प्रत्येकाला एक चोरखिसा माफ. नियम दोनच. गोष्ट बघणाऱ्या पोराची नजर अडखळता कामा नये, आणि ज्याच्यासाठी ठेवलंय त्याला ते कळलं पाहिजे. आवाजवाला दर सिनेमात आपल्या मेलेल्या कुत्र्याचं भुंकणं घालतो. एकीने बसच्या पाटीवर लग्नाची तारीख रंगवली होती. घटस्फोट झाल्यावर पुढच्या सिनेमात तीच तारीख कचऱ्याच्या डब्यावर आली. आणि कॅन्टीनवाल्याचं नाक गेल्या तीन सिनेमांतल्या सगळ्या भोपळ्यांना आहे. त्याला पत्ता नाही. तो बिचारा पोराबाळांना घेऊन येतो आणि पोट धरून हसतो. आम्ही सिनेमा बघत नाही, त्याच्याकडे बघतो.

बातमी अशी की या वेळी मला भिंती-दुकानांतून सुटका मिळाली. नवा सिनेमा पक्ष्यांच्या शाळेचा आहे आणि त्यातल्या एका छोट्या पात्राची चाल मला दिलीय. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझी रेघ हलणार. साहेब म्हणाले, ही चाल जमली तर पुढचा सिनेमा तुझा.

तेव्हा मला तू हवीस. वस्तू नको, तूच. रस्ता ओलांडणारी कुणीतरी, मागून, क्षणभर. तुझी हल्लीची चाल मला काढून पाठवशील? डावा पाय टेकल्यापासून पुन्हा डावा टेकेपर्यंत, पावलांच्या एका जोडीची बारा चित्रं. आमच्याकडे अजून कागदावरच काढतात, तेव्हा तुझी पेन्सिल चालेल. एवढं बारीक बघणारं दुसरं कुणी मला माहीत नाही.

बारक्या


४ फेब्रुवारी

बारक्या,

या पत्रासोबत बारा चित्रं आहेत. घडी घातलेली नाही. तू घातलीस तर याद राख.

दहा दिवस लागले. कपाटाचा आरसा काढून भिंतीला टेकवला आणि समोर चालत राहिले. दोन पावलं चालायची, खुर्ची धरायची, काढायचं, पुन्हा मागे जायचं. आरशात स्वतःकडे एवढं कधी बघितलं नव्हतं. डावा पाय टेकला की डावा खांदा विहिरीत बादली सोडल्यासारखा खाली जातो. मग काठी पुढे, टक्क. मग मागचा भाग उजवीकडे फेकला जातो, त्याच्याशिवाय पाय उचलतच नाही. मान पुढे काढून मी तोल सांभाळते, हे मला माहीतच नव्हतं. आठव्या चित्राला पडले. फार नाही, गुडघा सोलला. उठून नववं काढलं.

पहिल्या दिवशी चाल सुधारून काढली होती. मग फाडलं. तुला खोटं पाठवून काय उपयोग? मुलांना आयुष्यभर सांगितलं, आधी बघ, मग काढ. स्वतःला सूट कशी देऊ?

काढताना तुझ्या मडक्याची आठवण झाली. पाचवीत होतास. मी वर्गात नमुन्याची चित्रं लावायचे आणि प्रत्येकात मुद्दाम एक खोट ठेवायचे. त्या मडक्याची सावली खिडकीच्या बाजूला पाडली होती, उजेड जिथून येतो तिकडेच! खरं मडकं टेबलावर समोर होतं. ज्याने मडकं बघितलं त्याची सावली बरोबर पडली, ज्याने माझ्या चित्रावरून उतरवलं त्याची खोटीसकट पडली. अशी किती पोरं पकडली असतील मी. आणि पहिला सापडला तो घरचाच! तुझ्या गळ्यात ते चित्र अडकवून दिवसभर उभं केलं होतं. घरचा म्हणून सोडलं असतं तर वर्ग काय म्हणाला असता? पण बघ, त्या दिवसापासून तू बघायला शिकलास. आज कुठल्या कुठे गेलास. छडी लागे छमछम म्हणतात ते काही खोटं नाही.

रस्ता ओलांडताना मला जरा गर्दीत ठेव, म्हणजे काठीचं कारण कळेल.

मावशी


१५ फेब्रुवारी

मावशी,

चित्रं पोचली. सपाट पोचली. काय लिहू? आजूबाजूचे सगळे जमा झाले होते. (कुणी काढली ते मी सांगितलं नाही. चोरखिसा कुणी सांगतं का?)

मडकं आठवतं. सुतळी होती. मधल्या सुट्टीतही काढू दिली नव्हतीस.

अजून थोडं हवंय. रागावलीस की तू नेमकं काय करतेस? काठी आपटतेस ते ठाऊक आहे. दातांच्या फटीतून ती शीळ येते, ती 'स' म्हणताना की 'श'? आणि मुलाचा कान धरताना अंगठा बाहेर असतो की आत? हे सगळं रस्ता ओलांडताना लागणार नाही म्हणशील, पण माणूस पाठमोरा काढायचा तरी तो पुढून माहीत असावा लागतो.

बारक्या


२ मार्च

बारक्या,

शीळ 'स'ला येते. "सावली बघ, सावली!" म्हणताना तर रेल्वेच आली असं मागच्या बाकावरचे म्हणायचे. मला वाटायचं त्यांना माहीत नाही की मला ऐकू येतं. कानाला अंगठा बाहेर. बोटं मागे. आणि पिळायचा नाही, वर उचलायचा, म्हणजे मूल आपोआप टाचा वर करतं. चाळीस पोरांच्या वर्गात एक असं चवड्यांवर उभं राहिलं की बाकीची एकोणचाळीस रेघा सरळ मारतात.

एवढं कुणी कधी विचारलं नव्हतं मला माझ्याबद्दल. निवृत्तीच्या दिवशी भाषणात हेडमास्तरांनी माझा विषयसुद्धा चुकीचा सांगितला होता, शिवणकाम म्हणाले. तू विचारत राहा. मी सांगत राहीन.

मावशी


२८ सप्टेंबर

मावशी,

एवढे महिने लिहिलं नाही, रागावू नकोस. कागदाखाली दिवा असलेल्या त्या टेबलाशी बसून बसून पाठीचं धनुष्य झालंय.

चाल जमली. नुसती जमली नाही, डोक्यावर घेतली. साहेबांनी सगळ्यांना बोलावून ती एकामागून एक नऊ वेळा दाखवली आणि म्हणाले, ही बाई आता छोटं पात्र राहणार नाही, हिचे प्रसंग वाढवा. पोस्टरवर आलीय. पुढचा सिनेमा माझा, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. माझ्या नावाची पाटी असलेली खोली मिळालीय. उत्तरेची खिडकी आहे, तुला आवडेल असा उजेड.

खुब्याची काळजी घे. थंडीत बाहेर पडत जाऊ नकोस.

बारक्या


११ नोव्हेंबर

बारक्या,

पेढे वाटले असते, पण माझे दात निम्मे गेलेत आणि गल्लीला मधुमेह आहे. आनंद झाला म्हणजे किती झाला हे लिहून कळायचं नाही. पायाचं विसरून एकदम उठले आणि परत बसले.

तुला न विचारता एक उद्योग केलाय. तुझ्या स्टुडिओला पत्र टाकलं. लिहिलं की शाळेला पन्नास वर्षं होताहेत, तुमचा एक कलाकार आमचा विद्यार्थी आहे, तर सिनेमा आधी आमच्या हॉलमध्ये मुलांना दाखवाल का? आणि चक्क हो म्हणाले! सहा डिसेंबरला. तुझे साहेब जातीने येणार आहेत. मला स्टेजवर खुर्ची आहे. सिनेमा संपला की मुलांना या चोरखिशांबद्दल सांगायचं काम माझ्याकडे दिलंय. मी तुझी बारा चित्रं, म्हणजे माझीच, पाठवण्याआधी पारदर्शक छापकागदावर उतरवून ठेवली होती. ती घेऊन जाणार आहे. म्हणेन, बघा मुलांनो, सिनेमात एक म्हातारी क्षणभर रस्ता ओलांडते, ती कशी तयार झाली ते दाखवते.

तेव्हा आता सांगून टाक, कितव्या मिनिटाला येते मी? डोळे पूर्वीचे राहिले नाहीत. सगळ्यांसमोर सापडले नाही तर फजिती.

आणि गंमत ऐक. गल्लीतली पोरं हल्ली मला बघितलं की बदकासारखी ओरडतात. क्वॅक क्वॅक करत मागे मागे येतात, चांगली वळणापर्यंत. कोपऱ्यावर तुझ्या सिनेमाचं पोस्टर लागलंय म्हणे, त्यात पक्षी आहेत. मी त्या बाजूला गेले नाही, तिथला उतार मला झेपत नाही. पोरांना माहीत आहे की भाचा माझा आहे, म्हणून ही सलामी. मीही काठी उंचावून क्वॅक म्हणते. भलतीच खूश होतात.

मावशी


१७ नोव्हेंबर

मावशी,

जाऊ नकोस.

हॉल पहिल्या मजल्यावर आहे, तुझ्या खुब्याचा विचार कर. डिसेंबरातली थंडी. तीनशे पोरांचा कालवा. आणि हा सिनेमा लहान मुलांचा आहे, आचरट आहे, तुला आवडणार नाही. तुझा तुकडा शेवटी कापला गेला, रस्त्याचा सगळा प्रसंगच गेला. मला सांगायचं जिवावर आलं होतं. तेव्हा तू स्टेजवर जाऊन काय सांगणार? उगाच हसं होईल.

साहेबांना चित्रं दाखवू नकोस. ते फार व्यग्र असतात. त्यांना जुन्या कागदांत रस नसतो.

मी उन्हाळ्यात येतो. आपण दोघं घरी बसून बघू. तुला हवं तिथे थांबवून दाखवेन. माझं एवढं ऐक. कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे.

बारक्या


२३ नोव्हेंबर

बारक्या,

तुकडा कापला म्हणून एवढं तोंड लपवायचं? वेडा आहेस. मी नसले तरी सिनेमा तुझा आहे. मुलांना सांगेन की ही म्हातारी शेवटी कापली गेली. कसं कापतात तेही कळू दे त्यांना. मी रडेन अशी भीती वाटते ना तुला? नाही रडणार.

दोन दणकट शिपाई मला खुर्चीसकट वर नेणार आहेत. बक्कल घासून ठेवलंय, चेहरा दिसतो त्यात.

मावशी


१९ डिसेंबर

मावशी,

समाधान झालं?

साहेबांनी आल्या आल्या खोलीत बोलावलं. टेबलावर शाळेतून आणलेले तुझे छापकागद होते. बाजूला सिनेमातून काढलेली बारा चित्रं. साहेब आवाज चढवत नाहीत, तेच वाईट. म्हणाले, "मला वाटलं होतं हे तुम्ही काढलंय." एवढंच. गेले अकरा महिने मला 'तू' म्हणत होते.

दारावरची पाटी दुपारी काढली. पुढचा सिनेमा त्या घटस्फोटवालीला दिला. मला पुन्हा भिंती देणार होते, पण जेवणाच्या सुट्टीत गेलो तर कॅन्टीनवाल्याने सगळ्यांदेखत विचारलं, "काय साहेब, आज कुणाच्या ताटातलं?" त्यालासुद्धा कळलं होतं. मी राजीनामा दिला.

बक्कल! सातव्या चित्रात ते आतल्या बाजूला आहे हे मला कधी दिसलंच नाही. मेमध्ये एका पोरीने पकडलं. म्हणाली, दर पावलाला बक्कल क्षणभर पलीकडे जाऊन येतं, मुद्दाम का? आणि मी, अकलेचा कांदा, ऐटीत म्हणालो, तो माझा चोरखिसा आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता तू विचारशील, तुझ्याशी असं का वागलो. तर ऐक. बदकबाई तू आहेस. तुझी चाल, तुझी शीळ, तुझा अंगठा बाहेर. शाळेतल्या सगळ्या पिल्लांना ती चवड्यांवर उभं करते आणि शेवटी चिखलात बसते. मी दहा वर्षांचा होतो, मावशी. आई जाऊन चार वर्षं झाली होती. सकाळी साडेसात ते साडेबारा ते चित्र गळ्यात होतं, आणि शाळा सुटल्यावर तेच घालून तुझ्यासोबत घरी चालत आलो, कारण काढ म्हणायचं तू विसरलीस. शाळा सोडेपर्यंत माझं नाव 'नकल्या' होतं. तुझ्या वर्गात, तुझ्या देखत. तू एकदाही कुणाला टोकलं नाहीस. वर अजून त्या मडक्याच्या गोष्टी सांगतेस, कौतुकाने!

आणि छत्री माझी नव्हती. ती दुसऱ्या मुलीने तिच्या आजीसाठी काढली होती. चष्माही नाही, घड्याळही नाही. अकरा वर्षांत मी तुला कुठेच ठेवलं नव्हतं. ठेवलं ते हे एकदाच.

बारक्या


८ जानेवारी

बारक्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. शुद्धलेखन सुधारलंय.

सहा तारखेला काय झालं ते तुला साहेबांकडून कळलं असेल, पण ते मागच्या बाजूला बसले होते. मी पुढून सांगते.

बदकबाई पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हा मुलं हसली. मीही हसले. काय मस्त चालतंय, म्हटलं. मग तिने काठी पुढे टाकली, टक्क, आणि तिचा मागचा भाग उजवीकडे गेला, आणि माझ्या हातांना कळलं. मला नाही, हातांना. मांडीवर कागदांची गुंडाळी होती, ती मी आवळून धरली. मग ती म्हणाली, "सावली बघ, सावली," आणि सभागृहात जुने विद्यार्थी होते, पन्नाशीचे, पोट सुटलेले, त्यांचं हसू वेगळं निघालं. मुलांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग ते सगळे कुठे बघताहेत ते बघितलं. स्टेजवर माझी खुर्ची उजेडात होती. पुढचा तासभर कुणी सिनेमा बघितला नाही. जे तुम्ही कॅन्टीनवाल्याचं करता ते.

तासभर बसणं काही फार नाही. तू पाच तास उभा होतास.

सिनेमा संपला तेव्हा हेडमास्तरीणबाईंनी माईक लपवायलाच घेतला होता. मी तो मागून घेतला. तोपर्यंत मी एकच ठरवलं होतं, की दोन शब्द बोलून खाली बसायचं. शपथ. पण शेवटी नावांची यादी सरकताना ती चाल पुन्हा पुन्हा चालत होती, आणि सातव्या चित्राला बक्कल आत गेलं.

सापळा लावला होता का, हे तुला विचारायचं असेल. नाही. माझा तुझ्यावर काडीचाही संशय नव्हता. पण चौतीस वर्षं नमुने काढणाऱ्या हाताला सवय आहे, त्याने खोट ठेवून दिली. काढून झाल्यावर मला दिसली होती. म्हटलं, बारक्याला गंमत वाटेल, पाहताक्षणी पकडेल आणि लिहील. तुझ्या पुढच्या पत्रात मी तेच शोधत होते. तू सुतळीबद्दल लिहिलंस.

मी सिनेमा थोडा मागे फिरवायला सांगितला. थांबवायला सांगितला. म्हटलं, मुलांनो, काय चुकलंय? तिसऱ्या रांगेतल्या एका चिमुरडीने सांगितलं, "बुटाचं बक्कल!" मग मी त्यांना मडक्याची गोष्ट सांगितली, तुझं नाव न घेता. मग कागद उलगडले. मागे कोण बसलंय ते मला पक्कं ठाऊक होतं. गप्प बसता आलं असतं. बसले नाही.

आता तुझ्या पत्राचं उत्तर. तुला वाटतं मी तुला शिस्त लावायला उभं केलं. मीही तेच सांगत आले, सगळ्यांना, तुलासुद्धा. तसं नव्हतं. मडक्याची चोरी त्या दिवशी अकरा जणांनी केली होती. दुसऱ्या दिवशी तपासनीस यायचे होते आणि तो वर्ग मला आवरत नव्हता. अकरातल्या दहा जणांचे आईबाप जाब विचारायला आले असते. तुझ्यासाठी यायला मीच होते. तुला उभं केलं आणि वर्ग चिडीचूप झाला. घरी येतानाही गळ्यातलं काढायला मी विसरले नव्हते. रस्त्यात इतर मुलं होती, त्यांनी बघावं म्हणून राहू दिलं. हे चुकलं. माझ्या तोंडून तुला हे ऐकायचं होतं ना? घे. आता याचं काय करायचं ते कर.

मला वाईट कशाचं वाटलं तेही लिहिते, नाहीतर तुला वाटेल लंगडीला लंगडी म्हटलं म्हणून. लंगडते ते खरंच आहे. छत्रीचं वाटलं. छत्री तुझी नव्हती हे वाचल्यावर मी उठून दूध गरम करायला गेले आणि ते उतू जाईपर्यंत तिथेच उभी राहिले. आणि चालीचं वाटलं. पंधरा वर्षं माझ्या दोन खोल्यांत राहिलास. ऑपरेशननंतर तीन वेळा आलास. मी कशी चालते हे काढायला तुला बारा कागद मागवावे लागले. माझ्यावर सूड घ्यायचा तर निदान स्वतः बघून तरी घ्यायचास.

तुझ्या स्टुडिओचं पत्र आलंय. सिनेमा फार चाललाय म्हणे, तेव्हा बदकबाईचा छोटासा दुसरा भाग काढताहेत. ती घटस्फोटवाली मुलगी भली आहे, स्वतः फोन करून बोलली. शेवटच्या यादीत माझं नाव घालणार आहेत. तिने विचारलं, बदकबाई पळते कशी ते काढाल का? मी म्हटलं, पळणं आता जमायचं नाही, पण पडणं जमेल. सोळा चित्रं काल टपालात टाकली. गादी अंथरून चार वेळा पडले, शेजारच्या पोरींनी उचललं. मुलं हसून लोळतील असं पडलेय मी. हसू देत. या वेळी माझं मी काढलंय.

मला एक चोरखिसा माफ होता. नियमात बसेल असाच दिलाय. बदकबाईच्या वर्गात शेवटच्या बाकामागे, भिंतीला टेकून, एक बारकं पिल्लू उभं आहे. गळ्यात सुतळीने अडकवलेलं मडक्याचं चित्र. बोलत नाही, हलत नाही. वर्ग पडद्यावर आला की दर वेळी ते तिथेच असतं. पोरांची नजर काही अडखळणार नाही. मुलीला फोनवरच सांगितलं होतं, तिला आवडलं, म्हणाली, तिसरा भाग निघाला तर त्यातही ठेवू.

उन्हाळ्याच्या सुट्टीत लागेल म्हणतात. तू येणार होतास उन्हाळ्यात, तो आता येणार नाहीस हे मला कळतं. तेव्हा तिथेच तिकीट काढून जा. मडक्याची सावली कुठे पडलीय ते आधी बघ, मग मला लिही.

मावशी